खिळखिळं सस्पेन्शन: जुन्या एमएक्स-५ चे शॉकअप बदलायच्या आधी एवढं बघा

माझ्याकडे २००२ ची माझदा एमएक्स-५ आहे, दोन सीटची छोटी स्पोर्ट्स गाडी, १.८ इंजिनवाली, सेकंड हँड घेतलेली. मी इंग्लंडमध्ये मिडलंड्सला राहतो, इथे ही गाडी भरपूर दिसते आणि जुनी झाली की परवडते पण. घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात पुढून डाव्या बाजूने आवाज यायला लागला, टक टक टक, हळू चालवताना, रस्त्यावर बारीक खाचखळगे असले की जास्त. जवळच्या एका गॅरेजवाल्याने गाडी लिफ्टवर घेतली, दोन मिनिटं बघितलं आणि सांगितलं की चारही शॉकअप गेलेत, सगळा सेट बदलावा लागेल. आकडा ऐकून मी घरी आलो. शनिवारी स्वतः खाली झोपून बघितलं तर स्टॅबिलायझर बारची लिंक ढिली होती. हा बार म्हणजे वळताना गाडी झुकू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा, आणि लिंक म्हणजे त्याला चाकाच्या आर्मशी जोडणारी छोटी दांडी. ती दोन्ही बाजूंची बदलली, तीसेक पाउंड लागले, आवाज बंद.

तेव्हापासून ओळखीत कोणी जुनी स्पोर्टी गाडी घेतली की मला फोन येतो, आणि सुरुवात नेहमी एकाच वाक्याने होते, "शॉकअप गेलेत वाटतं रे". अहो, सस्पेन्शन म्हणजे नुसते शॉकअप नाहीत. शॉकअप दिसतात, त्यांची जाहिरात होते, लाल पिवळ्या रंगात मिळतात म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं. पण वीस वर्षं जुन्या गाडीत बऱ्याचदा आधी मरतं ते रबर.

थोडं बेसिक सांगतो, ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढे जा. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. पण स्प्रिंगचा स्वभाव झोपाळ्यासारखा, एकदा धक्का दिला की वरखाली होतच राहणार. तिला आवरायचं काम डँपरचं, ज्याला आपण शॉकअप म्हणतो. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने अर्धवट दाबून पंप मारून बघा, हाताला जो विरोध जाणवतो ना, तेच डँपरच्या आत होतं, फक्त हवेऐवजी तेल असतं आणि ते बारीक भोकांमधून ढकललं जातं. हालचालीची ऊर्जा तेल तापवण्यात खर्च होते आणि गाडी शांत होते. आता चाक नुसतं वरखाली व्हायला पाहिजे, पुढेमागे किंवा तिरकं नको, म्हणून त्याला आर्मने धरलेलं असतं. एमएक्स-५ मध्ये चारही चाकांना वर एक आणि खाली एक असे दोन दोन आर्म आहेत. आर्म जिथे गाडीच्या सांगाड्याला जोडतात तिथे रबराचे बुश, आणि पुढच्या चाकांना जिथे वळायचं असतं तिथे बॉल जॉइंट. बॉल जॉइंट म्हणजे आपल्या खुब्याचा सांधा समजा, आणि बुश म्हणजे गुडघ्यातली गादी. गादी झिजली की माणूस कसा चालतो ते आपण सगळ्यांनी घरात बघितलेलं असतं, गाडीचं अगदी तसंच होतं.

एमएक्स-५ पहिल्यांदा १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये दाखवली, माझी ती दुसरी पिढी, १९९८ ते २००५ मधली. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बनली. माझदावाले या गाडीबद्दल घोडा आणि स्वार एक होण्याची गोष्ट करतात, आणि नीट असलेली गाडी चालवली की ते पटतं, जेमतेम हजार-अकराशे किलो वजन, मागच्या चाकांना ताकद, रस्त्यावरची प्रत्येक गोष्ट हाताला आणि पाठीला कळते. पण म्हणूनच एक बुश गेला तरी सगळी गाडी बिघडल्यासारखी वाटते. जड सेदानमध्ये जे कळणारही नाही ते इथे लगेच टोचतं.

तर आता तपासायचं कसं. सगळ्यात आधी टायर, कारण अर्धे लोक टायरचा दोष सस्पेन्शनवर ढकलतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१४ असेल तर २०१४ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. दहा वर्षं जुना टायर नक्षी शाबूत असली तरी लाकडासारखा कडक झालेला असतो आणि गाडी आपटल्यासारखी चालते. मग हवा. या पिढीच्या बहुतेक एमएक्स-५ ना २६ पीएसआय लागते, आणि टायरवाले सवयीने ३३-३५ भरून देतात, मग गाडी दगडावर उडत चालल्यासारखी वाटते. दारापाशी स्टिकर असतो, त्यावर बघून हवा नीट करा आणि आठवडाभर चालवा. मी दोन जणांचे शॉकअपचे पैसे नुसत्या एवढ्यावर वाचवलेत.

मग टायर झिजला कसा ते हाताने बघा, डोळ्याने नाही. तळवा टायरवरून गोल फिरवा. उंचसखल, वाटी वाटी पडल्यासारखं लागलं तर चाक रस्त्यावर नाचतंय, म्हणजे डँपरवर संशय. फक्त आतली कड खाल्ली असेल तर चाकाचा कोन बिघडलाय, आणि तो नुसताच बिघडलाय की झिजलेल्या बुशमुळे बिघडलाय हे पुढे शोधायचं.

बॉनेटचा कोपरा दाबून सोडायचा, गाडी किती वेळा हलते ते मोजायचं, ही टेस्ट सगळ्यांना माहीत असते. ती करा, पण तिच्यावर फार विश्वास ठेवू नका. हाताने आपण गाडीची बॉडी हलवतो, ती सेकंदाला दीड-दोन वेळा हलते. खराब रस्त्यावर चाक मात्र सेकंदाला दहा-पंधरा वेळा थरथरतं, आणि डँपर अर्धामुर्धा मेलेला असेल तर त्याची परीक्षा तिथे होते. म्हणजे हाताच्या टेस्टमध्ये नापास झाला तर डँपर नक्की मेलाय, पास झाला तर काहीच सिद्ध होत नाही. त्यापेक्षा मोठ्या रस्त्यावर लांब लाटेसारखा चढउतार येतो तिथे बघा, गाडी लाट ओलांडून एकदाच बसते की परत एक हेलकावा खाते. किंवा वळणात मध्येच खड्डा आला की मागचा भाग बाजूला सरकतो का. आणि डँपरच्या अंगावर बघा, हलका तेलकट थर असेल तर लगेच घाबरायचं कारण नाही, ओलं, धूळ चिकटून काळा चिखल झालेला असेल तर सील गेलं.

आवाज हा सगळ्यात चांगला साक्षीदार आहे पण त्याला प्रश्न नीट विचारावे लागतात. हळू चालवताना बारीक खड्ड्यांवर टकटक म्हणजे पहिला संशय लिंकवर. ब्रेक मारला की एकच ठक्, सोडला की परत एक ठक्, हे खालच्या आर्मचा बुश किंवा बॉल जॉइंट. कुईकुई म्हणजे रबर सुकलंय. खड्ड्यात धाडकन आपटतं तर बंप स्टॉप बघा, याच्याबद्दल थोडं थांबून सांगतो. डँपरच्या दांड्यावर पिवळसर फोमचा एक ठोकळा असतो, चाक फार वर आलं की धातूवर धातू आपटू नये म्हणून. एमएक्स-५ मध्ये चाकाला वर यायला जागाच कमी, त्यामुळे हा ठोकळा रोजच्या रोज काम करतो, अडीअडचणीला नाही. वीस वर्षांत त्याचा भुगा होतो. मी माझ्या गाडीचं धूळ झाकायचं रबर वर केलं तेव्हा बोटांना नुसते फोमचे खरपुडे लागले, ओल्या पिठासारखे, आणि दांडा कोरडा, चकचकीत. म्हणजे तिथे डँपर ठीक होता, तरी गाडी आपटत होती. अशा वेळी लोक शॉकअप कडक झालेत म्हणतात.

लिंक तपासायची पण एक गंमत आहे. एकच बाजू जॅकवर घेतली की स्टॅबिलायझर बार पिळला जातो, लिंकवर ताण येतो आणि ढिलेपणा लपतो, तुम्ही हलवून बघता तर घट्ट लागते. म्हणून दोन्ही चाकं सारखी ठेवून, गाडी रॅम्पवर चढवून, मग खाली हात घालून लिंक जोरात हलवायची. तरी खात्री नसेल तर दोन्हीकडच्या लिंक सोडवा, बार तारेने वर बांधून ठेवा आणि गल्लीतल्या गल्लीत हळू एक चक्कर मारा. आवाज गेला तर सापडला चोर. फक्त असं करून मोठ्या रस्त्यावर जाऊ नका, वळताना गाडी फार झुकते.

चाक जॅकवर घेऊन वर आणि खाली धरून हलवलं आणि ढिलं लागलं तर बॉल जॉइंट असेल किंवा व्हील बेअरिंग. दोघांत फरक कळायला एकाला आत बसवून ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला तर बेअरिंग, राहिला तर सांधा. डावीउजवीकडे धरून हलवलं आणि ढिलं लागलं तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाला वळवणाऱ्या दांडीच्या टोकाचा सांधा. बुशसाठी पहार किंवा लांब टॉमी घ्यायची, आर्म आणि सांगाडा यांच्या मध्ये घालून हळूच उचकायचं. थोडा हलणारच, रबर आहे ते. पण रबराला आरपार चीर दिसली, किंवा आतली लोखंडी नळी मध्यभागी नसून एका बाजूला झुकलेली दिसली, तर त्याचं आयुष्य संपलं.

स्प्रिंग पण बघा, खालचा वेढा विशेष करून. इथे हिवाळ्यात बर्फ होऊ नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, आपल्याकडे गाड्या खड्ड्यांनी मरतात, इथे खड्डे आहेतच पण वरून मीठ. गंजलेल्या स्प्रिंगचा शेवटचा तुकडा मोडून पडतो आणि मालकाला कळतही नाही. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत चारही बाजूंनी टेपने मोजा, जमिनीपासून नाही, म्हणजे टायरचा फरक त्यात येत नाही. डावीउजवीत सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर कारण शोधा.

आणि गाडी अजून घ्यायची असेल तर सगळ्यात स्वस्त तपासणी घरबसल्या होते. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी एमओटी नावाची टेस्ट लागते आणि तिचा जुना इतिहास नंबर टाकून सरकारी साइटवर फुकट बघता येतो. पास झालेल्या गाडीवर पण सूचना लिहिलेल्या असतात, बुश झिजलाय पण अजून फार हलत नाही, अशा धाटणीच्या. तीच सूचना तीन वर्षं लागोपाठ असेल तर मालकाने पैसे टाकलेले नाहीत. गंजाबद्दलची सूचना तर दोनदा वाचा. या पिढीच्या एमएक्स-५ चे पुढचे चॅसिस रेल, म्हणजे सांगाड्याच्या लांब पोकळ तुळया, आतून गंजतात, आणि सस्पेन्शन जिथे जोडलंय त्याच्या ३० सेंटीमीटरच्या आत सांगाडा गंजून कमकुवत झाला असेल तर टेस्टमध्ये नापास. बुश बदलता येतात हो, सांगाडा कुजला की वेल्डिंगचं काम निघतं आणि ते सगळ्या सस्पेन्शनपेक्षा महाग पडू शकतं.

आता बदलायचं काम. लिंक कोणीही बदलू शकतं, दोन नट एका बाजूला. डँपर आणि स्प्रिंग हे दुसऱ्या लेव्हलचं काम आहे आणि इथे एक गोष्ट अगदी मनापासून सांगतो, स्प्रिंग गाडीतून बाहेर काढलेल्या युनिटमध्ये सुद्धा दाबलेलीच असते. वरचा मधला नट स्प्रिंग कंप्रेसर न लावता सोडला तर ती सुटून हाड मोडू शकते, जीव पण जाऊ शकतो. कंप्रेसर भाड्याने आणा, दोन्ही बाजूंनी समोरासमोर लावा, सारखे सारखे आवळत जा, तोंड कधी स्प्रिंगच्या रेषेत ठेवू नका. भीती वाटत असेल तर युनिट काढून गॅरेजला न्या, ते थोड्या पैशात तेवढंच करून देतात, त्यात कमीपणा काही नाही. आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, जॅक स्टँड लावायचेच. डँपर आणि स्प्रिंग जोडीने बदलायचे, पुढचे दोन किंवा मागचे दोन, एकटा कधी नाही. युनिट उघडलंच आहे तर बंप स्टॉप, धूळरबर आणि वरचं माउंट पण त्याच वेळी नवीन टाका, नाहीतर वर्षाने परत तेवढंच सगळं खोलायचं.

खरी मारामारी बोल्टशी असते. खालच्या आर्मच्या आतल्या टोकाला जे बोल्ट आहेत ते साधे नाहीत, त्यांच्या डोक्यापाशी मध्य एका बाजूला सरकलेली चकती आहे, डोकं फिरवलं की आर्म थोडा आतबाहेर सरकतो आणि त्यावरच चाकाचे कोन सेट होतात. मिठाच्या पाण्याने हा बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीला चिकटून बसतो. ओळखायचं कसं, नट सैल करा आणि डोकं पान्याने फिरवून बघा. फिरल्यासारखं वाटतं पण सोडलं की परत मागे येतं, असं झालं तर बोल्ट फिरत नाहीये, रबर पिळलं जातंय. माझ्या गाडीत पुढचे दोन असे निघाले. आठवडाभर रोज संध्याकाळी गंज सोडवायचं तेल मारलं, तापवलं, हातोडा मारला, एक सुटला. दुसरा शेवटी करवतीने कापून काढला, आर्म आणि सांगाड्याच्या मधल्या बोटभर फटीतून पातं घालून, दीड तास. म्हणून नवीन पार्ट मागवतानाच हे बोल्ट पण मागवून ठेवा, आणि काम काढायच्या आधी जुन्या चकतीची जागा पांढऱ्या रंगाने खूण करून ठेवा, म्हणजे जोडल्यावर निदान अलाइनमेंटवाल्यापर्यंत गाडी सरळ जाईल. मागच्या चाकापाशी खालच्या आर्मच्या बाहेरच्या टोकाला एक लांब बोल्ट आरपार जातो, तोही असाच हट्टी.

बुश रबराचे घ्यायचे की पॉलीयुरेथेनचे, यावर लोक तासंतास भांडतात. पॉलीवाले बसवायला सोपे, प्रेस लागत नाही, जास्त टिकतात असं म्हणतात, गाडी पण थोडी ताठ होते. पण ग्रीस नीट लावलं नाही की कुईकुई करतात, आणि रस्त्याची बारीक थरथर आत येते. रोज चालवायची गाडी असेल तर मी ओरिजिनलसारखं रबर घेईन, आणि घेतलं. ज्यांना ट्रॅकवर जायचंय त्यांची गोष्ट वेगळी. तसंच स्वस्तातले कॉइलओव्हर (उंची कमीजास्त करता येणारं स्प्रिंग-डँपरचं युनिट) टाकून गाडी खाली बसवायची हौस असते बऱ्याच जणांना, दिसते छान, मान्य आहे, पण आधीच चाकाला जागा कमी, त्यात खाली केली की गाडी कायम बंप स्टॉपवर बसलेली, वळणात खड्डा आला की चाक उसळतं. चांगले डँपर आणि कंपनीची उंची, एवढ्यावर ही गाडी जितकी सुंदर चालते तितकी कशावरच चालत नाही, असं माझं मत आहे.

आता ती गोष्ट जी न केल्यामुळे नवीन बुश वर्षभरात फाटतात. रबरी बुशची रचना अशी की बाहेर एक लोखंडी नळी, आत एक, आणि मध्ये रबर दोन्हीला घट्ट चिकटवलेलं. बोल्ट आवळला की आतली नळी सांगाड्याला पक्की होते. मग आर्म वरखाली होतो तेव्हा काही घसरत नाही, रबर स्वतः पिळलं जातं. आता विचार करा, गाडी स्टँडवर आहे, चाक खाली लोंबतंय, आणि त्या अवस्थेत तुम्ही बोल्ट टॉर्क लावून आवळला. रबराच्या दृष्टीने ती झाली आरामाची जागा. गाडी जमिनीवर उतरवली की आर्म वर येतो आणि रबर चोवीस तास पिळलेलं राहतं, गाडी नुसती दारात उभी असली तरी. वर गाडी थोडी उंच पण दिसते आणि लोक म्हणतात नवीन स्प्रिंग चुकीची आली. म्हणून बोल्ट आधी नुसते हाताने लावायचे, मग खालच्या आर्मखाली जॅक लावून चाक नेहमीच्या उंचीला आणायचं, किंवा गाडी सरळ रॅम्पवर उतरवायची, आणि तेव्हाच शेवटचं आवळायचं. काम सुरू करायच्या आधी जे टेपने मोजलं होतं ना, चाकाचा मध्य ते कमान, तेच माप इथे परत कामाला येतं. गॅरेजला काम दिलं असेल तर हे आधी बोलून घ्या, कारण घाईत लिफ्टवरच आवळून टाकणारे खूप आहेत.

हे फक्त एमएक्स-५ पुरतं नाही बरं का. गावाकडे कोणाची स्विफ्ट असेल, तिला पुढे एकच खालचा आर्म आणि वरच्या आर्मऐवजी स्ट्रट (चाकाला वरून धरणारं स्प्रिंग-डँपरचं युनिट), पण त्या आर्मच्या रबरी बुशना सुद्धा हाच नियम.

सगळं जोडून झालं की आठवडाभर साधी चालवा, स्प्रिंग आणि रबर बसू द्या, मग चारही चाकांची अलाइनमेंट करा, नुसती पुढची नाही. या गाडीत मागच्या चाकांचे कोन पण सेट होतात आणि ते जास्त नाजूक आहेत. मागची चाकं पुढच्या बाजूने जरा जरी बाहेर उघडलेली असली तर ओल्या रस्त्यावर मागचा भाग न सांगता फिरतो. अलाइनमेंटवाला "पुढचं केलं, मागचं ठीक आहे" म्हणाला तर मागच्याचा कागद मागा, आधीचे आणि नंतरचे आकडे दोन्ही छापलेला. तुमच्या वजनाएवढं काहीतरी ड्रायव्हरच्या सीटवर ठेवून केलं तर अजून चांगलं, एवढ्या हलक्या गाडीत तेवढ्याने फरक पडतो.

शंभर-दीडशे किलोमीटर झाले की परत एकदा खाली जाऊन प्रत्येक बोल्टला टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) लावायचा. मी आवळून झालेल्या प्रत्येक नटावरून सांगाड्यापर्यंत पिवळ्या मार्करची एक रेघ ओढतो. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते, टॉर्च मारला की दोन मिनिटांत कळतं.